चार तास एका चकतीवर

मी एक डीव्हीडी आहे. माझ्यावर निळ्या शाईनं लिहिलंय, 'साधना–प्रज्ञेश, मंगल परिणय'. मला दोन तासांचं चित्रण नीट पेलतं. माझ्यावर चार तास भरले आहेत.

कळमनुरीत प्रेमदासच्या फोटो स्टुडिओत ते भरले गेले. साधनाचे वडील जळबा समोरच बसले होते.

"दादा, दोन डिस्क करू," प्रेमदास म्हणाला. "एकीत दाबलं तर चित्र फुटंल."

"दोन काहून? एक हरपली मंग? सगळं एकातच बसव."

प्रेमदासनं वाद घातला नाही. दर सेकंदाच्या चित्राला किती जागा द्यायची, तो बिटरेटचा आकडा त्यानं पार खाली आणला. सगळं चित्रण आधी तपासून मग जागा वाटणारी सेटिंगही होती, पण तिला वेळ लागतो. दारात दुसऱ्या लग्नाची माणसं उभी होती. त्यानं झटपट होणारी निवडली आणि शेवटी सुरुवातीची पाच मिनिटं बघितली. लग्नाआधीच्या बुद्धवंदनेला सगळे स्थिर बसलेले. चित्र छान दिसलं. मूळ टेपवर त्याच आठवड्यात दुसरं लग्न चढलं.

दोन वर्षांनी साधना तापानं गेली.

भिंतीवर तिचा फोटो होता. पण तिची आई कमलबाई म्हणाल्या, "मला ती बोलताना पाहू द्या." जळबांनी मला लावलं.

पाठवणीला साधना गाडीत बसता बसता वळली आणि आईकडं धावली. माणसं हलली, फुलं उडाली, आणि तिथंच माझी जागा अपुरी पडली. तिच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले. आवाज मात्र स्वच्छ होता, "माय, रडू नको. भीमजयंतीला येतेच की मी."

कमलबाई टीव्हीजवळ सरकल्या. "आवाज तिचाच हाय. तोंड कुठं गेलं माह्या लेकराचं?"

जळबा मला घेऊन स्टुडिओत गेले. प्रेमदासनं तो भाग तीनदा पाहिला. "टेप न्हाई राहिली, दादा. गेलं ते यातून निघत न्हाई. मीच ऐकायला नको होतं तुमचं."

जळबा मला घेऊन उठले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "त्याची मशीन बिघडली होती. मशीननं खाल्लं."

ते खोटं मी ऐकलं.

आता कमलबाई मला रोज लावतात. लावण्याआधी पदरानं पुसतात, गोल गोल, मायेनं. प्रत्येक पुसण्यानं माझ्यावर एक बारीक चरा उठतो. हल्ली साधनाचं बोलणं मधेच अडकतं. परवा प्रेमदास स्वतः घरी आला. "मावशी, एक दिवस द्या. नक्कल करून ठेवतो."

"त्या मशीनमधी? न्हाई रे बाबा. तोंड खाल्लं तिनं, आता आवाजबी खाईल."

जळबा दारात उभे होते. खाली बघत राहिले.

जळबा, त्यांना खरं सांगा. त्या रागावतील, कदाचित बोलायच्याही नाहीत तुमच्याशी. पण मला प्रेमदासकडं पाठवतील. चार-सहा महिन्यांनी सांगाल, तर पाठवण्यासारखं माझ्यात काही उरलेलं नसेल.