कडुलिंबावरच्या झडपा

चितेगावच्या अलीकडे, पैठण रस्त्याला लागून असलेल्या भिकन उस्तादच्या गॅरेजासमोर सकाळपासून गाड्यांची रांग होती. दारातल्या कडुलिंबाला काळ्या लोखंडी झडपा तारेने टांगलेल्या. गाडीचा थोडा धूर परत इंजिनात नेणारी ही झडप म्हणजे बाधा, असं उस्ताद सांगे. काढलेली बाधा घरी न्यायची नाही, झाडालाच बांधायची. मग सायलेन्सरवर पांढरा रुमाल धरला तरी डाग पडत नाही. ते पाहायला लोक पार शेंद्र्याहून यायचे.

आता पाळी सुदर्शनच्या पिकअपची होती. गाडी त्याच्या वडिलांची, अण्णांची. सीटवर त्यांचा मफलर अजून तसाच होता. अण्णांना दम्याने नेलं. आता आईलाही धाप लागायची, आणि गाडी रोज तिच्या खिडकीखालीच सुरू व्हायची. म्हणून प्रेरणा भावाबरोबर आली होती. ती छावणीतल्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"आधी ऑइल बघतो," म्हणत उस्ताद बॉनेटखाली वाकला. मग स्टिअरिंगवरच्या सुदर्शनला म्हणाला, "मार रेस."

काळा लोट उठला. सायलेन्सरवर धरलेला रुमाल काजळीने माखला.

"बघा, इंजिन सोताचंच उष्टं खातंय. तुमाला चालंल का उष्टं?"

लोक हसले. सुदर्शनही हसला.

"येताना एवढा धूर होता का रे?" प्रेरणाने विचारलं.

"ताई, इथं शाळा भरवू नको."

उस्तादचा पाना झडपेच्या बोल्टला लागला. प्रेरणाने मध्ये हात घातला.

"थांबा. आधी एअर फिल्टरचं झाकण उघडा."

"तिथं काय नाय, बाई."

"मग उघडायला काय हरकत?"

"बापाची गाडी बंद पडली तर मला बोलायचं नाय," उस्ताद हळू म्हणाला.

तरी प्रेरणाने झाकणाच्या क्लिपा काढल्या. आत, हवेच्या वाटेत, तेलकट चिंधीचा बोळा कोंबलेला होता.

"हवा कोंडली की डिझेल अर्धवट जळतं. तो काळा धूर याचा," तिने बोळा वर धरला. "झडप जागेवरच आहे. मार रेस, सुदर्शन."

नव्या रुमालावर पुसटशी राखाडी छटा आली, एवढंच.

"झडप काढली तर तेवढीबी येणार नाय," उस्ताद म्हणाला.

"खरंय. पण परत गेलेल्या धुरामुळे आतली आग कमी तापते. झडप काढली की आग भडकते आणि नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात. धुरात त्यांचा रंग दिसत नाही. रुमालाला ते दिसत नाहीत. दमेकऱ्याच्या छातीला कळतात."

सुदर्शनने गाडी बंद केली. त्याची नजर मफलरवर होती. "अण्णा ही झडप कशानं साफ करायचे गं?"

"ब्रशनं. काजळी काढून परत तिथंच बसवायचे."

गर्दीतला गोकुळ कडुलिंबाकडे पाहत होता. आधी काढलेली त्याच्या जीपची झडप वर लटकत होती. "आमची कोणती, ते तरी सांग," तो उस्तादला म्हणाला, आणि शिडी आणायला गेला.

उस्ताद दर वेळी दोन गोष्टी बदलायचा: ऑइल बघताना स्वतःच कोंबलेला बोळा गुपचूप काढायचा, आणि झडपही. नाव मात्र झडपेचंच घ्यायचा. चमत्कार दाखवणाऱ्याला हात जोडण्याआधी एवढंच म्हणावं: एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि झाकण उघडं ठेव.