हौदावरचं नाक

दूध करपल्याचा वास दोर वळायच्या शेडपर्यंत आला तशी सून हातातलं काम टाकून घरात धावली. शेगडीवर पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, आणि सासरे तिथेच हातभर अंतरावर निवांत चष्मा पुसत बसलेले. काय झालं, म्हणून उलट त्यांनीच विचारलं.

त्यांना वास आलाच नव्हता. दुधाचं काय, दुसरं येईल. पण या घराचा सगळा धंदा म्हाताऱ्याच्या नाकावर उभा होता.

धंदा हेम्प नावाच्या झाडाच्या दोरांचा. गांजाच्या झाडाचा हा साधाभोळा चुलतभाऊ. नाव काढलं की लोक अजून डोळे मिचकावतात, पण याने कुणाला झिंग आल्याचं ऐकिवात नाही. सालीतून निघणारा धागा, वाख, मात्र असा चिवट, की भिजला तर आणखी घट्ट होतो आणि ताणला तरी फारसा लांबत नाही. त्याचे दोर होतात, पोती होतात, जाडंभरडं कापड होतं, उरलेला भुसाही घोड्यांच्या पायाखाली अंथरतात. फक्त झाडांची ताटं पाण्याच्या हौदात नेमकी कुजवावी लागतात. लवकर काढली तर साल सुटत नाही. दोन दिवस उशीर झाला की वाखच कुजतो. ती वेळ म्हातारा पाण्याच्या वासावरून सांगायचा, आणि त्याच्या शब्दापुढे घड्याळ की कॅलेंडर, कुणाचंच चालत नसे.

तीन महिन्यांपूर्वी सासरे तापातून उठले होते. त्यानंतरच्या पहिल्या वाखाचा दोर पंधरा दिवसांपासून धाकट्या दिराकडे होता. दीर कारखान्याच्या चिमणीला रंग द्यायचा, त्या दोराला टांगलेल्या फळीवर बसून.

तिने शेडमध्ये जाऊन त्याच दोराचा उरलेला तुकडा शोधला आणि उकलून एक पीळ ओढला. तो तटकन तुटला. दुसराही तुटला. हाताला बारीक भुगा लागला. मग ती कारखान्याकडे धावत सुटली. चप्पल पायात आहे की नाही याचंही भान नव्हतं. रस्त्यात ओळखीचे दोघे थांबून बोलायला लागले, त्यांना ती काय म्हणाली ते तिलाच आठवत नाही.

चिमणीवर अर्ध्या उंचीवर दीर शीळ घालत होता.

"भाऊजी, फळी सोडा. पायऱ्या धरा."

त्याला थट्टा वाटली. पण वहिनी रडते आहे हे दिसल्यावर त्याने हळूच हात लांबवून चिमणीच्या लोखंडी पायऱ्या पकडल्या आणि उतरला. खाली आल्यावर त्याने कारण विचारलं. वाटभर तिने याचाच विचार केला होता, तरी ऐन वेळी सासऱ्यांचं नाव सांगायला तिची जीभ रेटेना. दोर कच्चा निघाला, वाख विंचरताना माझाच हात चुकला, एवढंच ती बोलली.

"खोटं बोलते ती," मागून आवाज आला. म्हातारा तिच्या मागोमाग धापा टाकत येऊन पोचला होता. "तापापासून मला कसलाच वास येत नाही. हौदावर मी अंदाजाने सांगितलं."

दीर त्याच्याकडे बघतच राहिला. "बाबा, मी वर होतो."

"रोज सांगणार होतो," म्हातारा म्हणाला. "रोज तू संध्याकाळी धडधाकट घरी यायचास. मग वाटायचं, बरोबरच सांगितलं असेल मी."

दीर तिथेच मातीत बसला. सुनेला सासऱ्यांचा संताप आला होता आणि त्यांची दयाही येत होती, काय करावं ते सुचेना. वरून दोर सोडवून घेतल्यावर तिने सुरी मागून घेतली आणि हातहात लांबीचे तुकडे करायला घेतले, चुकून पुन्हा कुणी वापरायला नको म्हणून. ढिला दोर सुरीखाली सरकत होता. म्हाताऱ्याने पुढे होऊन दुसरं टोक उचललं आणि तिला कापता यावं म्हणून ताणून धरलं.