सभा झाली म्हणे

बायडाबाईच्या सोयाबीनमध्ये खुरपणी लागली होती. आठ दिवसांच्या झडीनंतर उघाड पडली होती, पण काळं रान अजून ओलंच. एक पाऊल सरकायचं म्हणजे पायाला शेरभर चिखल घेऊन सरकायचं. पाच बाया ओळीनं बसल्या होत्या. सहावी सिंधुबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं बांधावर पिशवी ठेवली, जादा पडलेलं खुरपं उचललं आणि शेवटची पात धरली.

"ताई, एक इचारू?" सरस्वतीबाईनं मान वर न करता विचारलं. "तुमी कुणाच्या?"

"धारूरच्या डोंगरातली हाय मी. बारा वर्षं उसात कोयता हाणला."

"तसं न्हाई. कंच्या पुढाऱ्याच्या?"

"कुणाच्याच न्हाई. अकरा गावच्या बायांची आघाडी बांधायलोय आमी."

"आन् त्यासाठी फुकट खुरपायल्यात व्हय? माझा सख्खा नवरा फुकट खुरपत न्हाई."

बाया खुदखुदल्या. विजयमाला हसली नाही. ती सिंधुबाईच्या हाताकडं बघत होती. हात सवयीचा होता, तण मुळासकट निघत होतं. पण चांगली खुरपणारी बाई खोटं बोलत नाही, असं कुठं लिहिलंय?

विजयमाला केजच्या कॉलेजात बी.ए. झालेली. पाच वर्षांपूर्वी लग्न होऊन युसूफवडगावच्या बाजूच्या या गावात आली. शंका घेणं हा तिचा स्वभाव म्हणा, रोग म्हणा, लेक झाल्यापासून तो वाढला होता. आणि वाढायला कारणही होतं. गावची अंगणवाडीची खोली दोन वर्षांपासून सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली. सरपंच विमलबाई, पण कारभार त्यांच्या मालकाचा, बंकटअण्णांचा. पोतीही त्यांचीच. 'भाव आला की काढतो' म्हणायचे. आयत्या बिळात नागोबा. गावची सतरा लेकरं रस्त्याला लागून असलेल्या मारुतीच्या पारावर बसायची. मागच्या महिन्यात वाळूचा हायवा ट्रक पाराची कड घासून गेला. तिच्या राणूची चप्पल चाकाखाली सापडली. राणूचा पाय तिच्यात नव्हता, एवढंच. तेव्हापासून राणू आईबरोबर रानात. आत्ताही बांधावर बसून चिखलाच्या भाकरी थापत होती.

दुपारी भाकरी सोडल्यावर सिंधुबाई मुद्दाम विजयमालाजवळ येऊन बसली.

"तुला कशाचा राग येतो गं?"

"कावून इचारता?"

"राग आल्याबिगर माणूस पुढं होत न्हाई."

विजयमालानं चपलेचं सांगितलं. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आपण जास्त बोललो. ही उद्या बंकटअण्णांच्या ओसरीवर जाऊन हेच सांगेल.

सिंधुबाईची शिकवायची रीत न्यारी होती. भाषण नाही, कागद नाही, मोबाइलवर मेसेज नाही. एकेका घरी जायचं, चुलीपाशी बसायचं आणि ऐकायचं. "पुढारी बोलून होतो असं वाटतं लोकांना," ती म्हणायची. "ऐकून होतो." स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, चौदा ऑगस्टला, बायांची सभा असते, त्या सभेत ठराव झाला तर गावच्या मोठ्या ग्रामसभेला त्याकडं पाठ फिरवता येत नाही, हेही तिनंच सांगितलं.

अंगणवाडीचा ठराव करायचा म्हणून विजयमाला घरं फिरली. कुणी म्हणालं, इलेक्शनला उभी राहायली काय. कुणी म्हणालं, बचत गट असल, हप्ता आमी न्हाई भरणार. बायडाबाईनं चहा पाजून, तासभर सुनेच्या चहाड्या सांगून, शेवटी विचारलं, "सभंला येऊन करायचं काय?"

"आजी, रजिस्टरवर अंगठा करायचा. अंगठा केला म्हंजे तुमी हजर. भ्यायचं न्हाई त्याला."

हे वाक्य ती घरोघर बोलली. तीस बायांनी हो म्हटलं.

सभेच्या आदल्या दिवशी सिंधुबाईचा फोन आला. "उद्या मी येत न्हाई. मी आले की म्हणतील, भाईरच्या बाईनं पेटवलं. तुमची सभा, तुमी बोला." मांडव घालायचा आणि लग्नाच्या दिवशी गायब व्हायचं, ही कोणती तऱ्हा?

चौदा तारखेला सकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई पप्पू दारात आला. वय पंचेचाळीस, तरी पप्पूच. काखेत लांबडं रजिस्टर. "वहिनी, महिला सभेची सही." चुलीवर राणूचं दूध होतं. विजयमालानं ओला हात पदराला पुसला आणि वळणदार सही ठोकली. पप्पू बरा माणूस, रोज पाणी सोडतो. त्याच्यावर कसली शंका घ्यायची?

दुपारी दोनची सभा म्हणून खुरपी टाकून बाया शाळेवर जमल्या. सभेच्या खोलीला कुलूप. समोर टपरीवर पप्पू चहा पीत होता.

"सभा?" तो म्हणाला. "झाली की. सकाळी सह्या न्हाई का केल्या तुमी?"

आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता. विजयमालानं सिंधुबाईला फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

सरस्वतीबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "विजे, अंगठा केला की हजर, आसं कोण म्हणत फिरत होतं?"

"काकू, मला काय माहीत होतं..."

"बी.ए.ला माहीत नव्हतं? आन् ती तुझी ताई कुठं गडप झाली? तुमा दोघींनाच ठावं, कुणाचं काय शिजलं ते."

दोघी-तिघींनी माना हलवल्या. कालपर्यंत ज्या नजरेनं विजयमाला सिंधुबाईला बघत होती, त्याच नजरेनं आता तीस बाया तिच्याकडं बघत होत्या. तिनं राणूला कडेवर घेतलं. घरी जावं, दार लावावं, आणि पुन्हा कुणाच्या चुलीपाशी बसू नये.

बायडाबाई तेवढी अंगठ्याची निळी शाई लुगड्याला पुसत उभी होती. निघत नव्हती.

"आगं, पर माझा अंगठा तिथं हाय न?" ती म्हणाली. "मंग मीबी तिथं होते. चला बरं, काय बोलले ते तरी ऐकून येऊ."

आधी कुणीतरी हसलं. मग सगळ्या निघाल्या.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक भाऊसाहेब टेबलाशी आणि बंकटअण्णा समोरच्या खुर्चीत. एकतीस बाया दारात बघून अण्णांचा कप बशीवर टेकला.

"काय माय, इकडं कुणीकडं?"

"सभंला होते मी सकाळी," बायडाबाईनं अंगठा दाखवला. "म्हातारी झाले, काय ठरलं ते इसरले. वाचून दावा."

भाऊसाहेबांनी अण्णांकडं पाहिलं. तेवढ्यात विजयमालानं रजिस्टर आपल्याकडं फिरवलं. वर एकतीस सह्या-अंगठे. खाली 'सभेत चर्चा होऊन पुढील ठराव मंजूर', आणि त्याखाली पान कोरं.

"भाऊसाहेब, ठराव कुठं हायत?"

"लिहायचेत अजून."

"मग लिवा की. बोलणाऱ्या सगळ्या हितंच हायत."

"सूनबाई," बंकटअण्णा म्हणाले, "चार बुकं शिकली म्हणून पंचायत चालवायली व्हय? भाऊसाहेब, मिटा ते."

"मिटा," सरस्वतीबाई मागून म्हणाली. विजयमालाला वाटलं, आता हीच बुडवणार. "पर मिटायच्या आधी लिवा, की सभंला कुणी नव्हतं, सह्या घरी जाऊन घेतल्या. उद्या झेंड्याला तालुक्याचे सायब येणार हायत, त्यांना दावू. एक कायतरी लिवा. आमी होतो, न्हाईतर नव्हतो."

भाऊसाहेबांची नोकरी अजून आठ वर्षं बाकी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

अंगणवाडीची खोली आजच मोकळी करावी, एवढंच बायांनी सांगितलं. विजयमालानं ते एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. 'आजच' राहिलं होतं. ते घालून घेतलं. मग दुसऱ्यांदा वाचलं.

"आगं झड येईल, पोती भिजतील," अण्णा म्हणाले.

"लेकरं भिजत होती तवा झड नव्हती काय?" बायडाबाई म्हणाली आणि दारातच बसली. तिच्यामागं बाकीच्या बसल्या. अण्णांना बाहेर पडायला वाट राहिली नाही.

शेवटी अण्णांनी ट्रॅक्टर मागवला, संध्याकाळपर्यंत पोती गेली. सिंधुबाईचा फोन तेव्हा आला. पलीकडच्या गावातही असंच रजिस्टर फिरत होतं, तिथं अडकले, बॅटरी उतरली, म्हणाली. विजयमाला नुसतं 'हूं' म्हणाली. खरं असेलही. त्या गावच्या कुणाला तरी विचारून घ्यायचं, असं तिनं ठरवून ठेवलं.

खोलीत उंदराच्या लेंड्या आणि पोत्यांचा कुबट वास. चौघींनी झाडून काढली, विजयमालानं कोपरान् कोपरा विंचवासाठी काठीनं ठोकला आणि घरून आणलेलं कुलूप दाराला घातलं. किल्ली हातात घेतली. सगळ्यांचे डोळे किल्लीवर. विजयमालाला ते डोळे चांगलेच ओळखू आले.

तिनं किल्ली सरस्वतीबाईपुढं धरली. "काकू, तुमी ठेवा."

"मी? मला कावून?"

"तुमी माझ्यावर इस्वास ठेवत न्हाई म्हणून. परवापासून रोज नऊला मी लेकरू घेऊन दारात येईन. एक मिनिट उशीर झाला तर सगळ्या गावात इचारीन."

सरस्वतीबाईनं किल्ली घेतली, कनवटीला लावली आणि वर गाठ मारली.

"इचार," ती म्हणाली. "आन् तू आली न्हाईस, तर मी तुझ्या दारात येऊन इचारीन."