एकाच बाटलीतला खाऊ

पेशी ज्या गुलाबी पाण्यात वाढवतात त्याला आमच्या प्रयोगशाळेत सगळे 'खाऊ' म्हणतात. विद्यापीठातली एवढी विद्वान माणसं, आणि शब्द बालवाडीतला. एकोणीस वर्षं मी तिथे तंत्रज्ञ आहे. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला दरडावत आले, की दोन माणसांच्या पेशींना एका बाटलीतून खाऊ घालायचा नाही. नळी एका बशीला टेकते, तीच बाटलीत जाते आणि बाटलीतलं दुसऱ्या बशीत. आणि तेच मी केलं. एकदाच. बाटल्यांचा तुटवडा नव्हता, वेळही होता. मला उठायचा कंटाळा आला होता, बस.

एका बशीत माझ्या भाचीच्या दंडातून घेतलेल्या पेशी होत्या. ती बारा वर्षांची. चालायला लागली तेव्हा घरभर गरगर फिरायची, म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणायला लागलो. आता ती चाकाच्या खुर्चीत असते. स्नायूंना लागणारं एक प्रथिन तिच्या अंगात बनतच नाही. दुसऱ्या बशीत तुलनेसाठी घेतलेल्या धडधाकट माणसाच्या पेशी होत्या, म्हणजे माझ्या.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे सर. त्यांच्या औषधाने भिंगरीच्या बशीत ते प्रथिन दिसलं, तेव्हा सर नाचायचेच काय ते बाकी राहिले होते. आणि मी, जिने तोंडाला कुलूप लावायचं, ती तडक ताईकडे गेले. म्हटलं, "ताई, औषध चालतंय गं. तिच्याच पेशींवर चालतंय." ताईने त्याच आठवड्यात भिंगरीच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन पुढे ढकललं. औषध येणारच असेल तर पोरीची पाठ कशाला फाडायची, असं तिचं म्हणणं. डॉक्टर बजावत होते, कणा वाकत चाललाय, फार उशीर केलात तर ऑपरेशनही झेपायचं नाही. औषध बशीतून माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतात ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले, कारण ताई कितीतरी दिवसांनी हसत होती.

लेख छापण्याआधी पेशी नक्की कोणाच्या आहेत याची तपासणी करावी लागते. अहवाल मंगळवारी माझ्याच टेबलावर आला. औषध दिलेल्या बशीत भिंगरीची एकही पेशी नव्हती. सगळ्या माझ्या. थेंबभरच गेल्या असतील, पण निरोगी पेशी भराभर वाढतात. त्यांच्यापुढे तिच्या टिकल्या नाहीत. औषध न दिलेल्या बशा आधीच्या खेपेच्या होत्या, त्यात मात्र तिच्याच पेशी होत्या. म्हणून फरक इतका डोळ्यांत भरला होता.

मी अहवाल पर्समध्ये कोंबला. दोन तास तो तिथेच होता, हे कबूल करते. मग सरांपुढे ठेवला.

सरांनी तो दोनदा वाचला. "तिच्या गोठवलेल्या पेशी आहेत ना?"

"शेवटची कुपी याच खेपेत गेली, सर."

ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते हळूच म्हणाले, "लेख मागे घेऊ. औषध चालतं की नाही, आपल्याला माहीतच नाही. नमुना परत मिळाला तर पहिल्यापासून करू."

संध्याकाळी ताईकडे गेले. भिंगरी खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती, एका बाजूला कललेली. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. ताईच्या हातातला टॉवेल अर्धवट घडी होऊन राहिला.

"पाच महिने," ती म्हणाली. "पाच महिने मी डॉक्टरांना नाही म्हणत आले. तुझ्या जिवावर."

भिंगरी मात्र मन लावून ऐकत होती. "मग ज्या बऱ्या झाल्या त्या कोणाच्या?"

"माझ्या. त्या आजारी नव्हत्याच मुळी."

"आणि माझ्या?"

"मेल्या गं."

"म्हणजे माझा खाऊ तू खाल्लास, मावशी!" असं म्हणून ती खिदळली. मला रडू फुटलं. ती ओशाळली, आणि मला बरं वाटावं म्हणून बाही वर सारायला लागली. "रडू नकोस ना. परत घे. मागच्या वेळी कुठे दुखलं होतं?"

ताईने पुढे होऊन ती बाही मनगटापर्यंत खाली ओढली. "आधी ऑपरेशन," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी डॉक्टरांना फोन करतेय."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. पण माझी नजर त्या दंडावरून हटत नव्हती. मला तो नमुना हवा होता, तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही, आणि ताईला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं.