उतरती खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. राजाच्या दरबारातली नव्हे आणि न्हाव्याच्या दुकानातलीही नव्हे. लोकांचे कर भरून देणाऱ्या एका सल्लागाराच्या खोलीत, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, अशिलांनी बसायची जी खुर्ची असते ना, ती मी. टेबलापलीकडच्या खुर्चीला चाकं आहेत, ती गोल फिरते आणि त्याचा तिला फार तोरा आहे. असू दे. माझ्यावर बसून माणसं जेवढं खोटं बोलली तेवढं ती देवासमोरही बोलली नसतील. खोलीतल्या कपाटाला वाळवी लागली, दाराच्या चौकटीला लागली. माझ्या पायापर्यंतही ती आली, जरा हुंगली आणि आल्या पावली परत गेली. एवढं खोटं मुरलेलं लाकूड तिलाही पचेना. खरं वाटत नसेल तर वाळवीला विचारा.

माझा जन्म एका सुताराच्या अंगणात झाला. त्यानं मोडीत निघालेल्या दाराच्या फळ्या तासून मला घडवलं. काम झाल्यावर त्यानं काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला माझ्यावर ठेवला आणि एक थेंब सांडला नाही तेव्हाच मला विकायला काढलं. "हिच्यावर बसलेला माणूस निवांत बसेल," तो म्हणाला. सुतार मोठा गुणी होता, पण त्याला माझं सासर ठाऊक नव्हतं.

माझं सासर म्हणजे रंगाच्या दुकानावरची एक खोली. एक टेबल, एक पंखा, बाहेरच्या बोळात एक बाक आणि खोलीत दोनच माणसं. एक माझा मालक, म्हणजे तो सल्लागार, आणि दुसरी त्याची धाकटी बहीण. ती टायपिंग करायची, फोन घ्यायची आणि मधूनमधून भावाची कानउघाडणी करायची. मालक हिशेबात तलवारीसारखा तेज होता, पण जिभेनं लोण्यासारखा मऊ. जन्मल्यापासून त्याला कुणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं.

आणि अशिलं तर काय एकेक! एकजण वर्षभराच्या पावत्या मिठाईच्या खोक्यातून आणायचा. त्यांना मुंग्या लागलेल्या असायच्या. एकजण मुदतीच्या शेवटच्या दिवशी उगवायचा आणि वर विचारायचा, "एवढा उशीर का लावता हो तुम्ही?" एकाला शेजाऱ्याचा कर आपल्यापेक्षा कमी का, हे कळल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. पण या सगळ्यांचा बाप म्हणजे इमारतींचा ठेकेदार. तो आला की माझ्या सांध्यासांध्यातून कण्हणं निघायचं. पाय पसरून बसायचा, चहावर चहा मागवायचा आणि तेच तेच दळण दळायचा.

"साहेब, एवढा खर्च हिशेबात बसवून टाका ना."

"अहो, नाही बसत ते."

"तुमच्या हाताला नाही बसत असं होईल का? मी बसतो सकाळपर्यंत, तुम्ही बसवा."

आणि खरंच बसायचा. बाहेर बाकावर माणसं ताटकळायची. मालकाच्या कपाळावर घाम यायचा, पण तोंडातून काही फुटायचं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मालक करवत घेऊन आला. मला उलटं केलं आणि माझे पुढचे दोन्ही पाय दोन दोन बोटं कापले. बहीण विसरलेला डबा न्यायला आली होती, ती दारातच थबकली.

"दादा, हे काय चाललंय?"

"ठेकेदारावर औषध आहे. बसला की घसरेल, घसरला की कंटाळेल, कंटाळला की जाईल."

"अरे, मग पाय त्याचे काप! त्या बिचारीचे कशाला?"

मालक हसला. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट कळली. जे 'नाही' त्याच्या जिभेला म्हणता येत नव्हतं, ते त्यानं माझ्या पायांकडून म्हणवून घ्यायचं ठरवलं होतं.

औषध लागू पडलं, मित्रांनो! नुसतं पाहून कुणाला कळायचं नाही, पण बसलं की माणूस हळूहळू पुढं ओघळायचा. मिठाईच्या खोक्यावाला बोलता बोलता इतका सरकला, की त्याचं शेवटचं वाक्य टेबलाखालून आलं. शेजाऱ्याचा कर विचारणारा गुडघ्यांनी टेबल अडवून बसू लागला. त्याच्या विजारीला तिथं भोकं पडली आणि त्यानं चौकशा सोडून दिल्या. ठेकेदार तर पहिल्याच दिवशी धप्पदिशी खाली बसला. पंख्यावरची सारी धूळ टेबलावर आली आणि खालच्या दुकानात रंगाचे डबे गडगडले म्हणतात. तो कंबर चोळत निघून गेला. मालकानं माझ्या पाठीवर थोपटलं. "सोन्यासारखी खुर्ची आहे," तो म्हणाला.

कामं भराभर उरकू लागली. अशिलं वाढली. बहीण मात्र कुरकुरायची. "दादा, चांगल्या माणसांसाठी एक सरळ खुर्ची आणू या ना. सगळे का ठेकेदार असतात?"

"आणू. हा हंगाम होऊ दे."

हंगाम व्हायचा आणि दुसरा यायचा. सरळ खुर्ची काही आली नाही. आणि ठेकेदार? तो पुन्हा आला. येताना पुढच्या कडेला उतारापुरती जाड शिवून घेतलेली खास गादी काखेत मारून आला, ती माझ्यावर टाकली आणि पूर्वीपेक्षा दुप्पट ऐसपैस बसला. निगरगट्टाला उपाय सापडतो, मित्रांनो. भिडस्ताला सापडत नाही.

आता शिलाईवाल्या काकूंची गोष्ट सांगते. इथून पुढं मी थापा मारणार नाही.

काकूंचं चार मशीनचं शिलाईचं दुकान होतं. नवरा गेल्यावर त्यांनीच ते उभं केलं, दोन बायकांना हाताशी धरलं. पावत्या आणायच्या त्या इस्त्री केलेल्या. गुडघे धरलेले होते, तरी जिना चढून स्वतः यायच्या. इतक्या वर्षांत माझ्यावर बसून त्या कधी खोटं बोलल्या नाहीत. वाळवीला माझ्यात काही चाखायला मिळालं असतं, तर ते त्यांच्याच पुण्याईनं.

त्या वर्षी मुदत जवळ आली होती. बोळात बाक भरला होता आणि बाकाच्या टोकाला ठेकेदार मांडीवर गादी घेऊन बसला होता. काकू आत आल्या. मालकानं मान वर न करता सहीची जागा दाखवली.

"साहेब, सही करते. पण यंदा एक विचारायचं होतं."

"विचारा ना, काकू." त्याचे डोळे पुढच्या कागदावर.

"आमच्या धाकट्या भावजींचं म्हणजे…" आणि त्या सरकल्या. टेबलाची कड धरून मागं झाल्या. गुडघ्यात कळ आली असावी. त्यांची बोटं माझ्या हातावर घट्ट आवळलेली मला जाणवली. "म्हणजे असं झालं, की त्यांनी मध्ये घरी येऊन…"

फोन वाजला. मालक फोनवर बोलत राहिला. काकू पुन्हा ओघळल्या, पुन्हा मागं सरल्या. तेवढ्यात दारातून ठेकेदाराचं तोंड आत आलं.

"काकू, आटपा की जरा! आम्हाला पण संसार आहेत."

बहिणीनं त्याला झापलं, "तुम्ही बाहेर बसा! आणि ती गादी द्या इकडं काकूंना."

"वा! माझी गादी आहे ती, खास शिवून घेतलेली."

मालकानं फोन ठेवला. "हं, काकू, काय म्हणत होतात?"

काकू एका हातानं गुडघा दाबत होत्या. त्या जरा ओशाळल्यासारख्या हसल्या. "राहू द्या. बसवत नाही हो मला आता. पुढच्या खेपेला सांगते." त्यांनी सही केली, टेबलाला धरून उठल्या आणि गेल्या. मालकाला हायसं वाटलं. मागोमाग ठेकेदार आला, गादी टाकून बसला आणि दुपार खाऊन गेला.

काकूंना सांगायचं होतं ते इतकंच. दिरानं घरी येऊन, 'वहिनी, घरातलंच काम आहे,' म्हणत त्यांच्याकडून सह्या घेतल्या होत्या. त्या सह्यांवर त्यानं काकूंच्या नावानं कापडाचा धंदा उघडला होता. माल त्याचा, नफा त्याचा, नाव आणि कर मात्र काकूंचा. रिटर्न जाण्याआधी हे मालकाला कळतं, तर एका तक्रारअर्जावर काकू मोकळ्या होत्या. आता त्यांच्या सहीनं रिटर्न गेलं होतं आणि त्यात लिहिलं होतं, की 'माझा दुसरा कुठलाही धंदा नाही.'

कर खात्याची नोटीस आली तेव्हा दीर गाव सोडून गेला होता. मालक काकूंबरोबर सुनावणीला गेला. संध्याकाळी परतला तो पायातले बूटही न काढता टेबलाला टेकून उभा राहिला. बहिणीनं विचारलं, "काय झालं, दादा?"

"अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं, सही घेतल्याचं तुम्हाला माहीत होतं, मग रिटर्न भरण्याआधी सल्लागाराला का नाही सांगितलं?"

"मग?"

"त्या म्हणाल्या, सांगायला गेले होते. बसता आलं नाही."

बहिणीची नजर माझ्या पुढच्या पायांकडं गेली.

"तिथं सगळे हसले गं. अधिकारी म्हणाला, बाई, जरा पटेल असं कारण सांगा. आणि मी शेजारी उभा होतो."

"तू सांगितलंस का त्याला? खुर्चीचं?"

मालकानं नकारार्थी मान हलवली. त्याची जीभ त्याही वेळी रेटली नव्हती.

थकलेला कर आणि दंड काकूंच्याच माथी आला, त्यांच्या दुकानाला टाळं लागलं. चारही मशीन उचलून नेली. हाताखालच्या दोघी बायका आपापल्या वाटेनं गेल्या. हे मला बहिणीच्या तोंडून कळलं. ती चहा पीत नव्हती, नुसती कपाकडं पाहत सांगत होती. काकू आता एका मोठ्या दुकानात काजबटणं करतात म्हणे, तीही उभ्यानं, कारण तिथं बायकांना बसायला काही ठेवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकानं सुताराला बोलावलं. माझा सुतार केव्हाच गेला होता. हा दुसराच कुणी. त्यानं माझ्या कापल्या पायांना ठोकळे जोडले, वर पट्ट्या मारल्या. "सरळ झाली," तो म्हणाला. झाले होते मी सरळ. पुढं ठेकेदार गादीसकट बसला तेव्हा तोच मागं कलंडला, पण त्या दिवशी खोलीत कुणीही हसलं नाही.

मग एकदा काकू आपले जुने कागद न्यायला आल्या. जिना चढून दम लागला होता. मालक उठून उभा राहिला, टेबलाला वळसा घालून आला आणि स्वतःच्या हातांनी मला पुढं ओढलं.

"काकू, बसा ना. आता सरळ केलीय. खरंच. बसा, मी ऐकतो, कितीही वेळ."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. एखाद्या अनोळखी दाराकडं पाहावं तसं.

"नको साहेब," त्या म्हणाल्या. "आता सांगण्यासारखं काही राहिलं नाही. उभीच बरी आहे मी."

बहिणीनं कागद दिले. काकूंनी ते घडी घालून पिशवीत ठेवले आणि कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत, खाली उतरल्या. मालक किती तरी वेळ माझ्या पाठीला धरून उभा होता.

मित्रांनो, लाकडी वस्तूंना जपा, पाण्यात ठेवू नका, त्यांच्यावर उभे राहू नका, हे तुम्हाला सगळ्याच खुर्च्या सांगतील. मी एवढंच सांगते. कुणाला 'नाही' म्हणायचं असेल तर ते स्वतःच्या तोंडानं म्हणा. ते खुर्चीच्या पायांना म्हणायला लावू नका. समोर ठेकेदार बसलाय की काकू, हे आम्हा लाकडांना कळत नाही.