चार नंबरचं बनियन

लेकीच्या घरी राहायला येऊन मला सात आठवडे झाले होते, आणि त्या सात आठवड्यांत मी जॅमला हात लावला नव्हता. कारण माझ्या विहीणबाई जॅमचा चमचा चाटतात आणि तोच पुन्हा बरणीत घालतात. सगळ्यांदेखत. चेहऱ्यावर पश्चात्तापाची एक सुरकुती नाही. बाकीच्या भरपूर आहेत.

मी पस्तीस वर्षं हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासली. अंगात पांढरा कोट, खिशात टॉर्च. मी दारात दिसलो की आचारी नखं लपवायचे. पिठात झुरळ, तेलात माशी, फ्रिजमध्ये लोण्याशेजारी मालकाचे मोजे, सगळं पाहिलं, आणि घरी येऊन शांतपणे जेवलो. कारण त्या जागांची एक सोय होती, त्यांना टाळं ठोकता यायचं. लेकीच्या घराला टाळं कसं ठोकणार? आत मीच राहत होतो.

जावईबापू बस चालवतात. सकाळी ते घसा साफ करू लागले की वाटतं, बस घरीच आणलीय आणि ती चालू होत नाहीये. मग नाश्त्याच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पायाची नखं कापतात. एखादं नख टणकन उडतं. ते कुठे पडलं याची चौकशी कोणी करत नाही. मी करतो. एकदा ते साखरेच्या डब्यापाशी सापडलं. झाकण उघडं होतं. तेव्हापासून मी साखरही सोडली. डॉक्टरांना वाटलं, मी त्यांचं ऐकलं.

लेक माझीच, पण तिलाही गुण लागलेला. डावातून चव घ्यायची, मान डोलवायची, डाव परत पातेल्यात. तिघांत मिळून एक टॉवेल, तो कायम ओला. साबणावर कोणाचा तरी केस, सही केल्यासारखा वळणदार.

माझी व्यवस्था मात्र वेगळी होती. झाकणाचा ग्लास, वेगळं ताट, डबीतला साबण आणि रोज सकाळी पलंगावर घडी घातलेला कोरडा टॉवेल. जेवण झालं की लेक म्हणायची, "बाबा, तुम्ही बाहेर सोफ्यावर बसा." मी बसायचो. दूध आटवलेलं असेल त्या दिवशी आतून खरवडण्याचा आवाज यायचा. पातेल्याच्या तळाला लागलेली ती तांबूस खरवड तिघं ओट्याशी उभ्यानं, तीन उष्ट्या चमच्यांनी, एकाच पातेल्यातून खायची. मध्येच हसायची. किळस यायची मला. आवाज नीट यावा म्हणून मी टीव्ही बारीक करायचो.

आणि या सगळ्या घाणीचं सिंहासन म्हणजे ओट्यावरचं फडकं. विहीणबाईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं. घरातला कपडा विरला की त्या कात्री लावतात, चारी बाजूंनी सुबक दुमडून शिलाई मारतात आणि फडकं ओट्यावर रुजू होतं. मग ते ओटा पुसतं, सुरी पुसतं, सांडलेला चहा पुसतं, चष्मा पुसतं. एकदा त्यांना शिंक आली तेव्हाही हातात तेच होतं. मी तोंड फिरवलं. पुढे काय झालं मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायचंही नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला निवृत्त लोकांसाठी एक निवास आहे. तो मी गुपचूप पाहून आलो. दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं, बोट होतं तसंच परत आलं. न्हाणीघरात औषधाचा वास, चादरींना इस्त्री. मला दाखवलेल्या खोलीत एक गृहस्थ नऊ वर्षं राहून गेले होते, पण त्याचा एकही पुरावा शिल्लक नव्हता. हॉटेल असतं तर मी शंभरपैकी शंभर दिले असते. व्यवस्थापक म्हणाले, "रविवारी दुपारपर्यंत कळवा. मागणी खूप आहे." मी तिकडे जातोय, हे घरी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी टॉवेलला इस्त्री होती.

शुक्रवारी माझा तोल गेला. फडक्यावर शेवाळासारखं काहीतरी दिसलं. दोन बोटांत धरून, श्वास रोखून ते मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. विहीणबाईंनी पाहिलं. आल्या, डब्यात कोपरापर्यंत हात घातला, बटाट्याच्या सालींखालून फडकं काढलं, नळाखाली पिळलं आणि कापलेल्या पावावर झाकलं.

"विहीणबाई!" मी ओरडलो. "हॉटेल असतं ना, तर आत्ता सील केलं असतं!"

"हॉटेल असतं तर मी तुम्हाला आत घेतलं असतं का, व्याहीबुवा?"

"त्या फडक्यावर काय काय वाढतंय याची कल्पना आहे तुम्हाला?"

"आहे की. माझा मुलगा वाढलाय." त्यांनी फडक्याचा कोपरा पुढे केला. "हा त्याचा शाळेचा शर्ट. भांड्यांखालचं ते फुलाफुलांचं, ते तुमच्या लेकीचं. या घरात आली तेव्हा अंगात होतं तेच. चार वर्षं वापरलं तिनं, मग मी घेतलं. आणि खिडकीच्या काचेचं ते चट्ट्यापट्ट्याचं, आमच्या ह्यांचा पायजमा. ह्यांनी जिवंतपणी कधी काच पुसली नाही, आता पुसतात."

"घाण आहे ही."

"असेल. तुमच्या त्या निवासात विकतची फडकी असतात म्हणे. एकदा पुसलं की फेकायचं." त्यांनी पाव उचलला. "हा घ्या."

मी घेतला नाही. त्यांनी खाल्ला.

संध्याकाळी मी लेकीला म्हणालो, "तू माझं ताट वेगळं का ठेवतेस गं?"

"तुम्हाला किळस येते म्हणून."

"मी कधी म्हटलं?"

"तुम्ही म्हणत नाही, बाबा. तुम्ही टॉर्च मारता."

टॉर्च तेव्हाही खिशात होता.

रविवारी जेवणं झाली आणि मी सोफ्यावर न बसता खोलीत बॅग भरायला घेतली. माझी सहा बनियनं आहेत. नोकरीत धोब्याकडे कोटांची अदलाबदल व्हायची, तेव्हापासून माझ्या प्रत्येक कपड्यावर पक्क्या शाईनं नंबर असतो. एक, दोन, तीन आणि सहा बॅगेत गेली. पाच अंगात होतं. चार नंबर कुठेच नव्हतं. कपाट उपसलं, दोरी पाहिली, पलंगाखाली टॉर्च मारला. तिथे जावईबापूंचं एक नख मिळालं. चार नंबर नाही.

पाच बनियनांवर माणूस निवासात जाऊ शकतो. पण पस्तीस वर्षं एकेक बरणी मोजलेल्या माणसाला एक वस्तू कमी असताना बॅग बंद करता येत नाही. मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो.

तिघं ओट्याशी उभी होती. मधोमध पातेलं, तीन चमचे. लेकीनं चटकन आपला चमचा पाठीमागे लपवला. त्या जुन्या आचाऱ्यांसारखा.

"माझं एक बनियन सापडत नाहीये," मी म्हणालो.

जावईबापू पातेल्यात बघू लागले. विहीणबाई ओट्यावर उतू गेलेलं दूध पुसत होत्या. पांढरं फडकं, नवं, चारी बाजूंनी बारीक शिलाई. दूध पुसून झालं, मग त्यांनी सिंकच्या जाळीतला गाळ त्याच फडक्यानं ओढून काढला. कांद्याची साल, भिजून फुगलेला पाव, केसांचं एक वेटोळं. मग फडकं पिळलं. करडं पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं, आणि फडक्याच्या कोपऱ्यात, गाळाखालून, माझ्या हातचा ठसठशीत चार वर आला.

मी ओट्याचा काठ धरला. तोही चिकट होता.

"हे... हे माझं आहे."

"होतं," विहीणबाई म्हणाल्या. "काखेत पार विरलं होतं."

"अजून दोन वर्षं चाललं असतं!"

"आता पाच चालेल."

"निदान विचारायचं तरी!"

"याला कुठे विचारते मी?" त्यांनी मुलाकडे हनुवटी उडवली.

"नाही विचारत, बाबा," जावईबापू चमचा चोखत म्हणाले. "माझी एक पँट तर मी शोधत होतो आणि तिनंच माझे बूट पुसत होतो."

लेक माझ्याकडे पाहत होती. लहानपणी दुधाचा पेला फुटल्यावर पाहायची तशी. "बाबा, मी धुऊन देते. उकळत्या पाण्यात टाकते. नवीन आणते."

मी त्या फडक्याकडे पाहिलं. एका बाजूला पायजम्याचे चट्टे वाळत होते, दुसरीकडे फुलाफुलांचं. मधे चार नंबर, गाळानं माखलेलं, घाणेरडं. शिलाई मात्र एकसारखी होती. उभ्या आयुष्यात माझ्या बनियनाला कोणी इतकी चांगली किनार लावली नव्हती.

विहीणबाईंनी खणातून एक चमचा काढला. त्यावर काही वाळलेलं होतं. त्यांनी तो चार नंबरला दोनदा घासला, उजेडात धरून पाहिला आणि माझ्यापुढे केला.

मी जन्मात इतकी घाणेरडी वस्तू हातात घेतली नव्हती. घेतली. श्वास रोखला आणि पातेल्याच्या कडेला, जिथे तिघांचे चमचे फिरून गेले होते, तिथे जोर देऊन खरवडलं. करपट, गोड, जरा फिनेलसारखी चव. दुसऱ्यांदा खरवडलं ते फिनेलची खात्री करण्यासाठी. तिसऱ्यांदा कशासाठी, ते आठवत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीनं उचलला आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, निवासवाले. काय सांगू?"

तोंडात खरवड होती. सगळे थांबले, जावईबापूंनी चोखणंसुद्धा थांबवलं. मी गिळलं.

"सांग त्यांना, माझं एक बनियन कमी पडतंय. नाही जमणार."

लेकीनं तसंच्या तसं सांगितलं.

"पाच नंबरचंही पाठीत विरलंय," विहीणबाई पातेलं आपल्याकडे ओढत म्हणाल्या. "बघून ठेवलंय मी."

मी शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावून घेतलं.