भिवापूरच्या वाटेवरची लसपेटी

मी एक जुनी लसपेटी आहे. वाडी गावच्या गोदामात फाटक्या ताडपत्रीखाली पडून आहे.

मित्रांनो, माझे दिवस असे नव्हते. शहरातल्या गांधीबागेच्या बाजारातील कापड व्यापाऱ्यांच्या मंडळाने मला विकत घेतले. वाडीचे ट्रकमालक मनोहरराव जीप देत. लस सरकारची, आणि ती पाजणाऱ्या नर्स सिंधूताईही सरकारच्याच. माझ्या जाड भिंतींच्या आत बर्फ आणि बर्फात पोलिओची लस ठेवून आम्ही भिवापूरकडच्या खेड्यांत जायचो. मिरच्या वाळत घातलेल्या अंगणांतून बाया लेकरे घेऊन धावत यायच्या. तेव्हा मला माझाच अभिमान वाटे.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात मंडळाने ठरवले की, जीप समारंभ करून रवाना करायची. मांडव घातला, हार आले. पाहुणे काही येईनात. मी जीपमध्ये उन्हात तापत होते.

"भाऊ, बर्फ विरघळून राहिला. गाडी सोडा ना," सिंधूताई म्हणाल्या.

"थांबा ना बाई, पाहुणे येऊनच राहिले. फोटो झाला की निघा," मनोहरराव म्हणाले.

फोटो होऊन आम्ही गावात पोचलो तेव्हा माझ्या पोटात कोमट पाणी होते. मजुरी बुडवून आलेली शामला तान्ह्या लेकीला, उत्तराला, घेऊन पुढे झाली. सिंधूताईंनी मान हलवली.

"काहून नाही देत वं ताई? दोन थेंब त हायेत!"

"लस खराब झाली वं. हे पाजली त तुले वाटन पोरगी वाचली, अन् ती वाचणार नाही. पुढच्या महिन्यात आणजो तिले."

पुढच्या महिन्यात सिंधूताई मला बर्फाने भरून दवाखान्याच्या पायरीवर बसल्या. जीप आलीच नाही. मंडळ म्हणाले, आमचे काम झाले, पेपरात फोटोही आला. मनोहरराव म्हणाले, गाडी सरकारने द्यावी. सरकारी साहेब म्हणाले, गाडी तर मंडळाची. संध्याकाळी सिंधूताईंनी माझ्यातले पाणी ओतून दिले.

पावसाळ्यात उत्तराला ताप भरला. ताप उतरला, पण डावा पाय लुळा पडला. शामला तिला कडेवर घेऊन दवाखान्यात आली. ती भांडली नाही. नुसते म्हणाली, "ताई, मी त आणली होती ना हिले?"

सिंधूताईंनी उत्तराला स्वतःच्या कडेवर घेतले.

त्यानंतर मनोहररावांच्या माणसांनी मला इथे आणून टाकले. मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाही तरी चालेल. लेकरे वाट बघत असतील तेव्हा गाडी आधी सोडा. सत्कार उद्याही होतो. लुळा पडलेला पाय पुन्हा उभा राहत नाही.